मॅटोमो काही महिने वापरल्यावर: अपडेटनंतर ग्राफ दिसेनासे का होतात आणि कुठे बघायचं

स्वतःच्या सर्व्हरवर मॅटोमो, म्हणजे वेबसाइटच्या भेटी मोजणारं सॉफ्टवेअर, चालवणाऱ्यांना आधी एकच सांगणं आहे. अपडेटनंतर ग्राफ गेले, म्हणजे आकडे गेले असं नाही. भेटींची कच्ची नोंद डेटाबेसमधल्या लॉगच्या टेबलांत असते, तिच्यावरून काढलेले अहवाल आर्काइव्हच्या टेबलांत असतात आणि ग्राफ त्यानंतर, पान उघडल्यावर काढला जातो. तो दिसेनासा झाला म्हणून सगळं उडवून नव्याने इन्स्टॉल करणारे लोक आहेत. खरं नुकसान होतं ते त्यात.

काही महिन्यांच्या वापरानंतर मॅटोमोबद्दल मत चांगलंच आहे. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत हेच सॉफ्टवेअर पिविक नावाने ओळखलं जायचं. वाचकांची माहिती आपल्याच डेटाबेसमध्ये राहते, बाहेरच्या कुणाकडे जात नाही, आणि एखाद्या भेटीवर शंका आली तर मूळ नोंदीपर्यंत जाता येतं. त्याबदल्यात देखभाल आपल्या गळ्यात पडते, आणि त्या देखभालीत सर्वांत जास्त वेळ खाणारी तक्रार ग्राफचीच.

ग्राफ नेमका कुठला गेला, हे आधी पाहा. डॅशबोर्डवरचा मोठा, रेषेचा ग्राफ ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने काढला जातो; त्यासाठी जेक्यूप्लॉट लायब्ररी वापरलेली आहे. आकड्यांशेजारच्या बारीक नागमोडी रेषा, म्हणजे स्पार्कलाइन, या पीएनजी प्रतिमा असतात आणि त्या सर्व्हरवर पीएचपीचं (मॅटोमो ज्या भाषेत लिहिलंय तिचं) जीडी हे चित्रं काढणारं एक्स्टेन्शन बनवतं. ईमेलने येणाऱ्या अहवालातले ग्राफही जीडीच बनवतं, पण त्यांना फॉन्टही लागतो. तिन्हींची दुखणी वेगळी, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

स्पार्कलाइन गेल्या आणि मोठा ग्राफ शाबूत आहे, तर संशय जीडीवर घ्यायचा. अनेकदा मॅटोमोचं अपडेट निर्दोष असतं, त्याच सुमारास सर्व्हरवरचं पीएचपी बदललेलं असतं. उबुंटू किंवा डेबियनवर पीएचपी ८.१ वरून ८.३ वर गेलात की ८.१ साठी टाकलेली एक्स्टेन्शन सोबत येत नाहीत. ८.३ चं जीडी पॅकेज वेगळं टाकावं लागतं, आणि नंतर पीएचपी-एफपीएम (वेबसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट करावं लागतं. शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती निवडायच्या पानावर एक्स्टेन्शनची यादी असते, तिथे जीडीपुढे टिक करायची. टर्मिनलमधल्या पीएचपीत जीडी दिसलं म्हणून वेबसाठीच्या पीएचपीतही ते असेलच असं नाही, दोघांची सेटिंग वेगळी असतात. म्हणून मॅटोमोच्या अॅडमिनमधलं सिस्टिम चेक उघडा. ते वेबच्या बाजूने तपासतं.

जीडी आहे, तरी जागा रिकामीच? मग स्पार्कलाइनचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडा आणि जे येईल ते सेव्ह करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा. चांगल्या फाइलच्या सुरुवातीला एक विचित्र चिन्ह आणि लगेच पीएनजी ही तीन अक्षरं दिसतात. त्याआधी ‘डेप्रिकेटेड’ किंवा ‘वॉर्निंग’ने सुरू होणारी ओळ असेल, तर चोर सापडला. नवं पीएचपी जुन्या प्लगइनच्या कोडवर कुरकुरतं, तो मजकूर प्रतिमेच्या आधी छापला जातो आणि प्रतिमा फुटते. पीएचपीच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले एरर्स बंद करा, चुका लॉग फाइलमध्ये जाऊ द्या. त्या ओळीत फाइलचा पूर्ण पत्ता असतो, त्यावरून कुठलं प्लगइन अद्ययावत करायचं तेही कळतं.

मोठा ग्राफ गेला तर एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. मॅटोमो सगळी जावास्क्रिप्ट एकत्र करून टीएमपी फोल्डरमधल्या अॅसेट्समध्ये ठेवतं. अपडेट रूट युजरने चालवलं असेल तर त्या फायलींची मालकी रूटकडे जाते, वेबसर्व्हरला त्या बदलता येत नाहीत आणि जुनी जावास्क्रिप्ट नव्या पानांना पुरवली जाते. मॅटोमोच्या फोल्डरची मालकी वेबसर्व्हरच्या युजरला परत द्या (डेबियन-उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा), त्याच युजरने मॅटोमोच्या कन्सोलमधून (टर्मिनलमधल्या कमांडने) कॅशे, म्हणजे साठवलेल्या तात्पुरत्या प्रती, साफ करा, एफपीएम रीस्टार्ट करा. यापुढे कन्सोलची प्रत्येक कमांड त्याच युजरने चालवायची. हा नियम पाळला तर निम्मा त्रास वाचतो.

फायली हाताने किंवा आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने चढवत असाल तर नोड मॉड्यूल्स नावाचं फोल्डरही चढलंय का ते बघा. डेव्हलपर मंडळी ते सवयीने वगळतात; मॅटोमोत मात्र चौथ्या आवृत्तीपासून जेक्वेरीसारख्या लायब्ररी त्यातच असतात.

नेटवर्क टॅबमध्ये सगळं २०० (म्हणजे फाइल नीट मिळाली) दिसतंय, पण ब्राउझरच्या कन्सोल टॅबमध्ये कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीची (पानावर काय चालू द्यायचं याच्या नियमांची) लाल ओळ आहे, असंही होतं. मॅटोमो स्वतःची पॉलिसी पाठवतं. सर्व्हरची सुरक्षा वाढवताना एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये कुणी दुसरी, कडक पॉलिसी जोडली असेल, तर ब्राउझर दोन्ही लागू करतो आणि कडक असेल तीच चालते. मॅटोमोच्या पत्त्यापुरती ती ओळ काढा. ब्राउझरमधला जाहिरात-रोधकही मॅटोमोच्या विनंत्या अडवतो. खासगी विंडोत, एक्स्टेन्शन बंद ठेवून ग्राफ दिसला तर सर्व्हरला हात लावायची गरज नाही.

ग्राफ दिसतो, पण अपडेटच्या दिवसापासून रेषा शून्यावर झोपलेली आहे, हा प्रकार निराळा. व्हिजिट्स लॉग उघडा. तो थेट कच्च्या नोंदीवरून बनतो. तिथे आजच्या भेटी दिसत असतील तर ट्रॅकिंग ठीक आहे, आर्काइव्ह, म्हणजे अहवाल बनवायचं काम, अडकलंय. हे काम ठरल्या वेळी चालवणाऱ्या क्रॉनच्या ओळीत अनेकदा पीएचपी ८.१ चा पत्ता लिहिलेला असतो आणि ते आता सर्व्हरवर नसतं. वर ओळीच्या शेवटी सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, सोडलेलं, म्हणजे चूक कुणाला कळतही नाही. आउटपुट एखाद्या फाइलमध्ये वळवा आणि आर्काइव्हची कमांड एकदा हाताने चालवा. मेमरीचे १३४२१७७२८ बाइट संपल्याची तक्रार आली तर ती १२८ एमबीची मर्यादा आहे. ती ५१२ एमबी करा. मोठ्या साइटला त्याहून जास्त लागते.

मधल्या दिवसांचे अहवाल चुकीचे झाले असतील तर त्या तारखा इनव्हॅलिडेट (रद्द) करून आर्काइव्ह पुन्हा चालवता येतं. पण त्याआधी प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जुनी कच्ची नोंद किती दिवसांनी पुसली जाते ते तपासा. पुसलेल्या दिवसांचे अहवाल पुन्हा बनवायला काहीच शिल्लक नसतं.

मराठी साइटवाल्यांसाठी: ईमेलच्या अहवालातल्या ग्राफवर पानांच्या शीर्षकांऐवजी चौकोन येतात, कारण सोबतच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. इमेजग्राफ प्लगइनच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये युनिफॉन्टची टीटीएफ फाइल टाकली की अक्षरं येतात. जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळतीलच असं नाही, मात्र शीर्षक ओळखू येतं.

पाचव्या आवृत्तीसारखं मोठं अपडेट ब्राउझरमधून करू नका. लॉगची टेबलं मोठी असली की डेटाबेस बदलायला वेळ लागतो, पान मध्येच टाइमआउट होतं आणि काम अर्धवट राहतं. कन्सोलमधून करा. त्याआधी क्रॉन थांबवा, डेटाबेसचा डम्प, म्हणजे पूर्ण प्रत, सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावून घ्या आणि कॉन्फिग फोल्डरची प्रत ठेवा. मागे फिरायची वेळ आलीच तर जुन्या फायलींसोबत जुना डम्पही परत टाकावा लागतो. बदललेल्या डेटाबेसवर जुन्या फायली चालवू नका.