डीटी ८३० डी मल्टिमीटर: ट्रॅक्टरचा सेल्फ अडला तर कितपत कामाचा?

चावी फिरवली, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) न फिरता नुसतं ‘टक्’ झालं, की बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. बऱ्याचदा बॅटरी चांगलीच असते, दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून ट्रॅक्टरच्या बॉडीपर्यंतच्या जोडणीत असतो. दोन-तीनशे रुपयांचा हा मीटर तो खर्च वाचवतो, मात्र सेल्फ मारताना लावला तरच.

नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि मीटरची टोकं बॅटरीच्या दोन पोलांवर टेकवा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या आसपास असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढचं बघा.

आता गिअर न्यूट्रलला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हँडब्रेक लावलेला. इंजिन पकडू नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. भरलेल्या बॅटरीचं रीडिंग ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून जाम आहे.

पुढची तपासणी सगळ्यात मोलाची. काळं टोक बॅटरीच्या मायनस पोलवर टेकवा, क्लॅम्पवर नको. लाल टोक सेल्फच्या उघड्या बॉडीवर. सेल्फ मारताना ०.३ पेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. मायनसकडून येणारी अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे रंग, गंज, चिखल साचतो. बोल्ट काढून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. प्लस पोल ते सेल्फचा जाड बोल्ट असंच मोजा, तिथे ०.५ पर्यंत चालतं.

सोलेनॉइडच्या (चावी फिरवली की सेल्फला जाड वायरचा करंट जोडणारा स्विच) बारीक वायरवर चावी मारताना काहीच येत नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच, क्लचचा किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बघा. करंट येतो, ‘टक्’ होतं, पण दोन जाड बोल्टांमध्ये तरीही १२ दिसतात? मग सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळालेत. सेल्फपर्यंत पूर्ण १२ पोचूनही तो हलत नसेल तर सेल्फच्या आतले कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) संपलेत.

मीटरच्या उणिवाही आहेत. आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून सेल्फ चार-पाच सेकंद मारावा लागतो. दहाच्या वर नको, आणि मध्ये मिनिटभर थांबा. वायरी आखूड, टोकं निसटतात. मगरचिमटे वेगळे घ्याच. आपोआप बंद होत नाही. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की रीडिंग फुगतं आणि मेलेली बॅटरी भरलेली वाटते. १० अँपिअरच्या भोकाला फ्यूज नाही, सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ट्रॅक्टरवर ते भोक वापरूच नका.

सेल्फचे अँपिअरच मोजायचे असतील तर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा अडकवून करंट मोजणारा) लागतो. घेताना डीसी अँपिअर मोजतो का ते विचारा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.