३६ तारांचं मागचं चाक: ११ महिने, ६,२०० किलोमीटर

सायकलबरोबर आलेल्या मागच्या चाकाच्या दोन वर्षांत तीन तारा तुटल्या. तिन्ही हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, जिथे तार वाकून फ्लँजच्या (हबच्या कडेच्या चकतीच्या) भोकात शिरते तिथेच. माझं वजन ८८ किलो, मागे पॅनियर (कॅरियरला लटकवायच्या पिशव्या), रोजचा रस्ता कात्रज ते शिवाजीनगर. मला वाटायचं, वजनानेच तुटतात. दुसरी तुटली तेव्हा एका दुकानात सांगितलं, "ताण जास्त झालाय, सगळ्या थोड्या सैल करू." केल्या, आणि महिन्याभरात तिसरी गेली.

ते तुटलेलं टोक मी उन्हात धरून पाहिलं. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, बाकीचा खरबरीत. म्हणजे चीर कितीतरी दिवस आत सरकत होती, शेवटचा खड्डा निमित्तमात्र.

चाक फिरताना जमिनीलगतच्या तारांचा ताण क्षणभर उतरतो आणि पुढे गेल्यावर परत चढतो. ७०० सी मापाच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर, म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक तारेला पावणेपाचशे वेळा ही उतरचढ. मुळात सैल असलेली तार खाली आली की पार ढिली पडते, वाकणात हलते, तिला रिमपाशी आवळून धरणारा छोटा नट, म्हणजे निपलही, हळूहळू सुटतो. सैल करण्याचा तो सल्ला साफ उलटा होता.

नवं चाक एका कारागिराकडून हाताने बांधून घेतलं: ३६ भोकांचा हब, तीन क्रॉस (प्रत्येक तार वाटेत तीन तारांना ओलांडते), तारा टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८. बारीक तार टिकेल का, ही धाकधूक होतीच. पण मधला भाग जास्त ताणला जातो, त्यामुळे खाली आल्यावरही तार लगेच ढिली पडत नाही आणि वाकणावरचा मारा कमी होतो. बांधून झाल्यावर त्यांनी हातमोजे घालून समांतर तारांच्या जोड्या करकचून दाबल्या. पिळलेल्या तारा टिक् टिक् करत मोकळ्या झाल्या, मग पुन्हा आउट, म्हणजे चाकाचं वाकडं फिरणं, काढला. माझ्या मते चाकाचं अर्धं आयुष्य या दहा मिनिटांत ठरतं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

३०० किलोमीटरला मिलिमीटरभर आउट आला, तो काढून घेतला. आजवर एकही तार तुटलेली नाही. कुरकुर एकच: पावसाळ्यात डावीकडचे दोन निपल सैल सापडले. उजवीकडच्या कॅसेटमुळे (गिअरच्या दातेरी चकत्यांमुळे) मागच्या चाकात डाव्या तारांना मुळातच उजव्यांपेक्षा बराच कमी ताण मिळतो, त्यामुळे आधी त्याच सुटतात. आता दर रविवारी नखाने एकेक तार छेडतो. सैल तार शेजारणींपेक्षा खालच्या सुरात वाजते. डाव्या-उजव्या तारांची लांबी वेगळी असते, म्हणून दोन्हींची एकेक जादा तार चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) टेपने बांधून ठेवली आहे.