क्रीमच्या रिकाम्या बरण्यांसाठी काचरंगांचा संच: वापरानंतरचे परीक्षण

कोल्ड क्रीमच्या जाड बुडाच्या बरण्या, सीरमच्या तपकिरी बाटल्या आणि अत्तराच्या कुप्या रिकाम्या झाल्यावरही टाकवत नाहीत. भंगारवाल्याकडे काचेला फारसा भाव मिळत नाही आणि प्लॅस्टिकचे झाकण किंवा धातूचा पंप तसाच असेल तर एवढीशी बाटली वेगळी काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. या बरण्यांना शोभेच्या वस्तूंचे रूप देता यावे म्हणून पुण्यातील बोहरी आळीतून पाण्यात विरघळणाऱ्या काचरंगांचा एक संच घेतला. त्यात पारदर्शक रंगांच्या सहा छोट्या बाटल्या आणि काळ्या आउटलाइनरची एक ट्यूब आहे. फुलदाणी, दागिन्यांची डबी किंवा देवघरातील अक्षतांची कुपी सजवण्यासाठी हा संच उत्तम आहे; ज्या वस्तू रोज पाण्याने धुवाव्या लागतात, त्यांच्यासाठी मात्र मी तो सुचवणार नाही.

रंगांची पारदर्शकता ही या संचाची सर्वांत जमेची बाजू आहे. ओला असताना रंग दुधाळ दिसतो, त्यामुळे पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या मनात शंका येते. परंतु रात्रभर वाळल्यावर त्यातील निळा आणि माणकासारखा लाल खिडकीतल्या उजेडात असे काही खुलतात की मूळ बरणी ओळखू येत नाही. हिरवा त्या मानाने फिका असून त्याचे दोन थर द्यावे लागतात. सॉल्व्हंटवर आधारित काचरंग यापेक्षा टणक आणि अधिक चमकदार असतात हे खरे, पण त्यांचा उग्र वास, थिनरची गरज आणि ज्वलनशीलता पाहता, लहान मुले असलेल्या घरात पाण्याचेच रंग बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संचासोबतच्या माहितीपत्रकात सपाट काचेवरचीच कृती दिली आहे आणि गोल बरणीवर खरी अडचण नेमकी तिथेच येते. आउटलाइनरने आखलेल्या चौकटीत रंग भरला की तो उतारावरून ओघळून खालच्या रेषेपाशी साचतो आणि वाळल्यावर तिथे गडद पट्टा उमटतो. यावर सापडलेला उपाय असा की, परातीत तांदूळ पसरून त्यात बरणी आडवी रुतवावी, वर आलेल्या भागातच रंग भरावा, तो पुरता वाळल्याखेरीज बरणी फिरवू नये आणि अशा रीतीने एकेक बाजू पुरी करावी. काम लांबते, पण रंगाचा थर एकसारखा बसतो. अष्टकोनी बरणी मिळाली तर हा खटाटोप बराच कमी होतो. रंगाची बाटली जोरात हलवली तर बुडबुडे येतात. ते ओले असतानाच टाचणीने फोडावेत.

रंग टिकणे हे काच किती स्वच्छ आहे यावर अवलंबून असते. क्रीमचा तेलकटपणा राहिला तर वाळलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. लेबल धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून काढावे, उरलेल्या चिकट गोंदावर खोबरेल तेल चोळावे, मग बरणी साबणाने धुऊन शेवटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. थंड बरणीत उकळते पाणी मात्र ओतू नये, कारण जाड काच असमान तापून तडकते. काही बाटल्यांवरील अक्षरे भट्टीत भाजून पक्की केलेली असतात आणि ती नेलपॉलिश रिमूव्हरनेही जात नाहीत. तिथे नक्षीची आखणीच अशी करावी की ती अक्षरे झाकली जातील. तपकिरी बाटलीवर पारदर्शक रंग उठून दिसत नाही. तिच्यावर फक्त आउटलाइनरची बारीक वेलबुट्टी काढून निशिगंधाचा एखादा दांडा ठेवला तरी ती सुरेख दिसते. अत्तराच्या ज्या बाटलीचा पंप पत्र्याने घट्ट दाबून बसवलेला असतो, तो पक्कडीने उपटू नये; गळ्याची काच फुटून हाताला लागते.

दिवाळीत या बरण्यांमध्ये मेणाचे छोटे दिवे लावण्याचा मोह होतो. सौंदर्यप्रसाधनांच्या बरण्या ज्योतीची उष्णता सोसण्यासाठी बनवलेल्या नसतात, तोंड अरुंद असल्याने ज्योत काचेच्या फार जवळ येते आणि जाड बूड एका बाजूने तापते. बॅटरीवरचा दिवा आत ठेवल्यास रंगांची शोभा तेवढीच दिसते आणि धोकाही राहत नाही.

टिकाऊपणात हा संच कमी पडतो. ओल्या फडक्याने वारंवार पुसल्यावर रंगाच्या कडा मऊ पडतात. भाजून पक्के करण्याची सोय या रंगांना नाही. फ्रान्समधील पेबेओ या कंपनीचे व्हिट्रेआ १६० हे रंग ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला ४० मिनिटे भाजता येतात. वस्तू अधूनमधून धुवायची असेल तर तसा रंग घ्यावा. बरणी थंड ओव्हनमध्येच ठेवून हळूहळू तापवावी आणि आतच निवू द्यावी. खाद्यपदार्थ ठेवण्यासाठी मात्र रंगवलेली प्रसाधनाची बरणी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. काळ्या आउटलाइनरची ट्यूब रंगांच्या कितीतरी आधी संपते, म्हणून संच घेतानाच तिची एक जादा ट्यूब घ्यावी. बोहरी आळीत ती सुटी मिळते.