कमरेचा पट्टा आणि पालथं झोपून करायचा व्यायाम: आठ महिन्यांनंतर

पट्टा घेतला तेव्हा तुळशीची लग्नं नुकतीच उरकली होती आणि लगीनसराईचं काम अंगावर होतं. आता आषाढ चालू आहे. या आठ महिन्यांत पट्टा वापरला, वजनं लावून कंबर ओढून घेतली, गादी बदलली आणि सगळ्यात शेवटी फिजिओथेरपीचा व्यायाम केला. "पट्टा घेऊ का गं?" असं शिवायला कपडे टाकायला येणाऱ्या बायका सारख्या विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कोल्हापुरात ब्लाउज शिवण्याचं माझं काम वीस वर्षांचं. कापड बेतायचं ते जमिनीवर पसरून, वाकून. मग मशीनवर पाच-सहा तास. उसण पूर्वीही भरायची. शेकलं की दोन-चार दिवसांत कंबर मोकळी व्हायची. या वेळी अस्तराचा तागा उचलला आणि डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत कळ गेली. शिंकले तरी पाय झटका द्यायचा. पावलाची बाहेरची कड बधिर झाली, चप्पल पायात आहे की निसटली ते कळेना.

डॉक्टरांनी उताणं झोपवून डावा पाय सरळ वर उचलला. अर्ध्यावरही गेला नसेल, तोच कळ. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. उजव्या पायावर २५ वेळा जमली, डाव्यावर चारच वेळा. एमआरआयमध्ये एल५-एस१ ला, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याखाली, चकती बाहेर आलेली दिसली.

शेजारणी म्हणाल्या, "मणक्यात गॅप पडली." मीही तेच धरून बसले होते. प्रत्यक्षात गॅप वगैरे काही नसते. दोन मणक्यांमधल्या चकतीचा आतला मऊ भाग बाहेर सरकतो, शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला लागतो आणि तिथे सूज येते. कंबरेतून निघालेली ही मुळं पुढे एकत्र येऊन शरीरातली सगळ्यात जाड नस बनते आणि ती पायात उतरते, म्हणून बिघाड कंबरेत आणि बोंब करंगळीत. बाहेर आलेला भाग पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आकसतो, हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. अमेरिकेत १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा निघाला. रिपोर्ट हातात घेऊन मी चार रात्री रडले होते, त्यातल्या तीन तरी वाचल्या असत्या.

आता पट्ट्याविषयी. पाठीत स्टीलच्या चार पट्ट्या, पुढे वेल्क्रो. खोक्यावर कमरेचं माप लिहिलेलं असतं, पण आपण साडी-सलवार जिथे बांधतो तिथलं माप घेऊ नका. बेंबीवरून टेप फिरवा, नेहमीच्या कपड्यांवरूनच. मला एक साइज मोठा लागला.

पहिले तीन आठवडे त्याने खरोखर साथ दिली. अंथरुणातून उठताना, भांडी घासताना कंबर दगा देणार नाही एवढा धीर यायचा. मशीनवर बसलं की मात्र तो वर सरकून बरगड्यांत रुतायचा. वेल्क्रोला दोरे आणि कापडाची लव अशी चिकटायची की दोन महिन्यांत पकड गेली. शिवणकाम करणाऱ्या बायकांनी हे ध्यानात घ्यावं. उन्हाळ्यात आत घामोळं आलं. पण खरी अडचण वेगळीच होती. दिवसभर घालायची सवय लागली आणि पट्टा काढला की कंबर उघडी पडल्यासारखी वाटायला लागली. वाकायचीच भीती बसली. पायातली कळ मात्र होती तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून पट्टे देऊ नयेत असं म्हटलंय. वजनं लावून कंबर ओढण्यालाही त्यात नकार आहे. मी त्याच्या दहा बैठका केल्या होत्या. त्या तासापुरतं बरं वाटायचं, रिक्षात बसून घरी येईपर्यंत पुन्हा तेच. गादीचं थोडक्यात सांगते: सासरे म्हणाले म्हणून फळीवर झोपले, कुल्ला आणखी दुखला. मध्यम कडक गादी मला मानवली.

फरक पडला तो जानेवारीपासून. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पालथं झोपवलं. दोन मिनिटं नुसतं. मग कोपरांवर. मग तळहात टेकून छाती वर, कंबर आणि कुल्ले सैल, जमिनीलाच. भुजंगासनासारखं दिसतं, पण इथे पाठीचा जोर लावायचा नाही, सगळं काम हातांचं. दहा वेळा, दिवसातून पाच-सहादा. रॉबिन मॅकेन्झी नावाच्या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टांची ही पद्धत. १९५६ साली वेलिंग्टनमध्ये त्यांचा एक पेशंट चुकून डोक्याकडून उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि त्याची पायातली कळ गेली, तिथून त्यांनी हे शोधत नेलं.

बाईंनी एक वही करायला लावली. किती दुखतं ते लिहायचं नाही, कुठपर्यंत दुखतं ते लिहायचं. करंगळी, टाच, पोटरी, गुडघा, मांडी, कुल्ला, कंबर. हे मला आधी पटलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात पोटरीतली कळ गेली, पण कंबर इतकी ठणकायला लागली की मी चार दिवस व्यायाम बंद ठेवला. फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, हेच तर हवंय! दुखणं पायातून वर सरकून कंबरेत गोळा होतंय, म्हणजे दिशा बरोबर आहे. कंबर सोडून पायात खाली उतरलं तर लगेच थांबायचं आणि मला कळवायचं." त्या दिवसापासून वहीवर माझा विश्वास बसला. फेब्रुवारीअखेर नोंद गुडघ्याच्या वर आली. एकदा सलग सात तास बसून नवरीचे ब्लाउज पुरे केले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टाच. वही नसती तर यामागे बसणं आहे हे मला कळलंच नसतं.

हा व्यायाम सरसकट सगळ्यांचा नाही, हे मी आग्रहाने सांगते. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. चाललं की त्यांचे दोन्ही पाय भरून येतात, वाकून बसल्या की मोकळं वाटतं. त्यांच्या मणक्यातली वाट अरुंद झाली आहे. माझं बघून त्या पालथ्या झोपून उठू लागल्या आणि त्यांचं दुखणं वाढलं. म्हणून आधी कुणा जाणकाराला पाय दाखवा. आणि जांघेत, बसतो त्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल वर उचलेना, तर व्यायाम-पट्टा काहीही न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे एक रात्रसुद्धा थांबू नये.

मार्चपासून रंकाळ्यावर चालते. दहा मिनिटांपासून सुरुवात केली, आता रोज अर्धा तास. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चालण्याचा कार्यक्रम दिलेल्यांपैकी निम्म्यांचं दुखणं उलटायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांपैकी निम्म्यांचं ११२ दिवसांतच उलटलं. फुकटच्या औषधाला एवढा गुण पुष्कळ झाला. घरातही एक बदल केला: जमिनीवर बेतणं सोडलं. जुन्या दाराची फळी पोटाच्या उंचीला बसवून घेतली आणि उभ्याने कापते. हे वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

पट्टा टाकलेला नाही. माहेरी जाताना एसटीत चार तास बसायचं असतं तेव्हा लावते आणि उतरले की काढते. अगदी नव्या, ताज्या दुखण्यात दोन-तीन आठवड्यांसाठी कुणी घेत असेल तर जरूर घ्यावा, महागातला नको. दुखणं तीन महिन्यांचं झालं असेल तर तेच पैसे शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला द्यावेत.

वहीत गेले पाच आठवडे "कंबर" किंवा कोरी ओळ आहे. करंगळीची कड अजून थोडी बधिर आहे. डावी टाच काल १७ वेळा उचलली.