डीएलआय: ट्रान्सप्लांटनंतर उलटलेल्या ल्युकेमियावरील उपचारसेवा

माझ्या धाकट्या भावाचा ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (वेगाने वाढणारा रक्ताचा कर्करोग) बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर उलटला, तेव्हा मुंबईतील त्याच रुग्णालयात त्याला केमोथेरपीपाठोपाठ डोनर लिम्फोसाइट इन्फ्युजन (डोनरच्या रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी रुग्णाला चढवणे), म्हणजेच डीएलआय, देण्यात आले. या सेवेचा कस पेशी चढवल्या जातात त्या दिवशी लागत नाही. तो पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या देखरेखीत लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

डोनर आमची ताईच होती. दोन्ही हातांना सुया लावून ती रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या करणाऱ्या सेल सेपरेटर मशीनपाशी काही तास बसली. रक्त गोठू नये म्हणून वापरतात त्या सायट्रेटमुळे तिच्या ओठांना मुंग्या येऊ लागताच तंत्रज्ञांनी कॅल्शियम दिले आणि कारणही समजावले. पहिल्या डोसनंतर उरलेल्या पेशी गोठवून ठेवल्यामुळे तिला पुन्हा बसावे लागले नाही. रक्तपेढीचे हे काम निर्दोष होते.

ताईच्या टी-पेशींनी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइटनी, ल्युकेमियाच्या पेशी परक्या म्हणून ओळखून माराव्यात, ही या उपचारामागची कल्पना. म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांच्या गटाने १९९० मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या तीन रुग्णांत तिचे यश प्रथम मांडले. त्या प्रकारात बहुतेकांना गुण येतो, ॲक्यूट ल्युकेमियात मात्र थोड्यांनाच, हे डॉक्टरांनी सही घेण्याआधी स्पष्ट सांगितले. खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

त्याच टी-पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर आणि यकृतावरही उलटू शकतात. या जीव्हीएचडीच्या (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज) धोक्यामुळेच सुरुवातीचा डोस लहान ठेवून पुढचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने वाढवत नेले. भावाच्या अंगावर पुरळ उठले ते रात्री. डे-केअरचा फोन कोणी उचलला नाही, आणि तातडीच्या कक्षातील डॉक्टरांना डीएलआय म्हणजे काय हे आम्हालाच सांगावे लागले. स्टेरॉइड सुरू झाले ते दुसऱ्या दिवशी. इतक्या कुशल विभागाकडून ही ढिलाई अक्षम्य आहे.

आता मॅरोत ल्युकेमियाच्या पेशी दिसत नाहीत आणि कायमेरिझमच्या, म्हणजे रक्तपेशी डोनरच्या किती व रुग्णाच्या किती हे पाहणाऱ्या, तपासणीत सर्व पेशी ताईच्याच आढळल्या आहेत. उपचारासाठी मी याच रुग्णालयाची शिफारस करीन. मात्र रात्री कोणाला फोन करायचा ते लेखी घ्यावे, आणि वारंवार होणाऱ्या कायमेरिझमच्या तपासण्या व पेशी साठवण्याचे शुल्क खर्चाच्या अंदाजात धरले आहे का, हे आधीच विचारावे. आमच्या अंदाजपत्रकात दोन्ही नव्हते.