दोन प्रोसेसरचं वर्कस्टेशन : घ्यायचं असेल तर मेमरीसाठी घ्या, कोअरसाठी नको

दोन झिऑनवालं (झिऑन म्हणजे इंटेलचे सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीचे प्रोसेसर) रिफर्बिश्ड टॉवर वर्कस्टेशन बऱ्याच काळापासून रोज वापरतोय. ई५-२६८० व्ही४ ची जोडी आहे, प्रत्येकी १४ म्हणजे २८ कोअर, हायपरथ्रेडिंग (एक कोअर दोन असल्यासारखा वापरणं) धरून ५६ थ्रेड, आणि १६ जीबीच्या आठ स्टिक लावून १२८ जीबी ईसीसी, म्हणजे चुका स्वतः दुरुस्त करणारी रॅम. काम मुख्यतः ओपनफोममध्ये हवा-पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन (यालाच सीएफडी म्हणतात) आणि मध्येमध्ये ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडरिंग. मशीन मला मनापासून आवडतं, पण टास्क मॅनेजरमधले ५६ चौकोन बघून जे लोक असलं मशीन घ्यायला निघतात त्यांनी जरा थांबावं असं मला कळकळीने वाटतं.

कोअर जास्त हवेत म्हणून दोन प्रोसेसर, हा हिशोब एके काळी बरोबर होता. १९९९ मध्ये अबिटचा बीपी६ बोर्ड आला आणि त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन शेजारी शेजारी बसवता यायला लागले तेव्हा लोक वेडे झाले होते, कारण घरच्या मशीनला दुसरा कोअर मिळवायला दुसरा काही मार्गच नव्हता, आणि त्यातही विंडोज ९८ दुसऱ्या प्रोसेसरला ओळखच द्यायचं नाही, एनटी नाहीतर लिनक्स टाकावं लागायचं. मग २००५ मध्ये एकाच चिपमध्ये दोन कोअर बाजारात आले, २०२० मध्ये एएमडीच्या थ्रेडरिपर ३९९०एक्स ने एका सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) ६४ दिले, आणि आज १६ कोअरचा साधा डेस्कटॉप रायझन ९ ९९५०एक्स रेंडरिंगमध्ये माझ्या दोन झिऑनना मिळून मागे टाकतो. माझे प्रोसेसर २०१६ चे, बेस क्लॉक २.४ गिगाहर्ट्झ आणि टर्बो जास्तीत जास्त ३.३, त्यामुळे फोटो एडिटिंग, गेम, कॅडमधलं मॉडेलिंग असल्या एकदोन कोअरवर चालणाऱ्या कामात तर ते उघड उघड हळू वाटतात. तिथे दुसरा प्रोसेसर नुसता बसून असतो.

मग मशीन आवडतं ते कशामुळे? तर मेमरीमुळे. प्रत्येक झिऑनला डीडीआर४-२४०० चे चार चॅनल, म्हणजे मेमरीतून डेटा यायचे चार रस्ते, त्याचे सेकंदाला ७६.८ जीबी, दोघांचे मिळून १५३.६. आता तो ९९५०एक्स घ्या, त्याला दोनच चॅनल, डीडीआर५-५६०० धरली तरी ८९.६ जीबी. म्हणजे इतकं जुनं मशीन या एका बाबतीत आजच्या तगड्या डेस्कटॉपच्या बरंच पुढे आहे, आणि सीएफडी सॉल्व्हरला नेमकं हेच लागतं, त्याचा बराचसा वेळ आकडेमोडीत जात नाही, मेमरीतून डेटा येईपर्यंत वाट बघण्यात जातो. माझ्या केसेसमध्ये प्रत्येक प्रोसेसरचे दहाएक कोअर लावले की पुढचे लावून फारसा फरक पडत नाही, चॅनल तुडुंब भरलेले असतात. पण दुसरा प्रोसेसर कामाला लावला की वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण त्याच्याबरोबर त्याचे स्वतःचे चार चॅनल येतात.

याची दुसरी बाजूही नीट समजून घ्या. लिनक्समध्ये एलएससीपीयू ही कमांड चालवली की दिसतं, नोड (एक प्रोसेसर आणि त्याची स्वतःची मेमरी) शून्यमध्ये थ्रेड ० ते १३ आणि २८ ते ४१, बाकीचे थ्रेड नोड एकमध्ये. न्यूमासीटीएल या दुसऱ्या कमांडला हार्डवेअर विचारलं की खाली छोटा तक्ता येतो, स्वतःच्या मेमरीचं अंतर १०, समोरच्याच्या मेमरीचं २१. रॅम १२८ जीबी एकत्र दिसली तरी आत ती ६४-६४ अशी वाटलेली आहे, आणि एका प्रोसेसरला दुसऱ्याकडचा डेटा हवा असला की तो मधल्या क्यूपीआय लिंकवरून आणावा लागतो, दोन लिंक मिळून एका दिशेने सेकंदाला ३८.४ जीबी, म्हणजे स्वतःच्या मेमरीच्या बरोबर निम्मा वेग, शिवाय पोचायला उशीर होतो तो वेगळाच. ओपनफोममध्ये हे नडत नाही कारण तिथे काम एमपीआयने वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटलेलं असतं, प्रत्येक प्रोसेसला कोअरशी बांधून ठेवलं की ती आपापल्या बाजूच्या मेमरीतच काम करते. पण ज्या प्रोग्रॅमचे सगळे थ्रेड एकाच मोठ्या डेटावर तुटून पडतात तिथे दोन प्रोसेसरचा वेग कधी कधी एकापेक्षा जेमतेम जास्त मिळतो. एआयची मोठी मॉडेल सीपीयूवर चालवायला ड्युअल एपिक (एएमडीच्या सर्व्हर प्रोसेसरची जोडी) घ्यायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे आधी वाचून घ्या, १२ अधिक १२ चॅनल कागदावर फार भारी दिसतात पण सॉफ्टवेअरला न्यूमा, म्हणजे मेमरीची ही प्रोसेसरवार वाटणी, नीट कळत नसेल तर त्यातले बरेच वाया जातात.

खर्चाचं सांगायचं तर मशीनची किंमत ही फक्त सुरुवात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. प्रोसेसर प्रत्येकी १२० वॅटचे, म्हणजे फुल लोडला दोघांचेच २४०, वर ग्राफिक्स कार्ड, आणि नुसतं चालू ठेवलं तरी माझं मशीन शंभर वॅटच्या वर खातं. रात्रभर सिम्युलेशन चालणार असेल तर बिल धरूनच चाला. पंख्यांचा आवाज लोडला सतत येतो, झोपायच्या खोलीत ठेवायची वस्तू नाही ही. चालू केल्यावर स्क्रीनवर काही दिसायलाच बराच वेळ जातो. बिघाड झाला तर पॉवर सप्लाय आणि बोर्ड बऱ्याचदा त्या कंपनीचेच लागतात, बाजारातला कुठलाही आणून बसत नाही. आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स कोअरवर मोजलं जात असेल तर जास्त कोअर हा थेट भुर्दंडच, तिथे कमी पण वेगवान कोअरच परवडतात.

विंडोजवाल्यांनी होम एडिशन टाकू नका, ते एकच सॉकेट वापरतं, प्रो घ्या, त्यात दोन चालतात. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत हे व्ही४ झिऑन नाहीतच.

घेताना सगळ्यात आधी बाजूचं पॅनल उघडून रॅमच्या स्टिक मोजा. ६४ जीबी म्हणून ३२ च्या दोनच स्टिक लावून देतात, मग प्रत्येक प्रोसेसरला एकच चॅनल मिळतो आणि ज्यासाठी हे मशीन घ्यायचं तीच गोष्ट पाव होऊन बसते. कमीत कमी आठ सारख्या स्टिक हव्यात, चार इकडे चार तिकडे. दुसरं, 'एकच प्रोसेसर आहे, दुसरा नंतर टाका' असं असेल तर लक्षात ठेवा की रिकाम्या सॉकेटच्या वाटचे रॅम स्लॉट आणि काही पीसीआय एक्सप्रेस स्लॉट तोवर बंदच राहतात. नंतर टाकायचा प्रोसेसर अगदी त्याच मॉडेलचा लागतो, त्याचा हीटसिंक आणि काही मशीनमध्ये वेगळा रायझर बोर्डही (दुसरा प्रोसेसर आणि त्याची रॅम बसवायचा जोडबोर्ड) लागतो, आणि हा रायझर सुटा शोधायला जाम वेळ जातो, त्यामुळे जोडी लावलेलं आणि दोन्ही बाजूंची रॅम दिसतेय असंच मशीन चालू करून बघून घ्या.