फेअरिंग उतरवा, मग भाव बोला: किट चढवलेली सेकंडहँड यामाहा आर१५ व्ही३

सेकंडहँड बाजारात आर१५ व्ही३ला तोटा नाही. तोटा आहे तो कंपनीचंच फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं कवच, अंगावर असलेल्या गाडीचा. बऱ्याच गाड्यांवर त्याऐवजी यामाहाच्याच मोठ्या आर६ नाहीतर आर१च्या तोंडाचं बाहेरचं किट चढलेलं असतं, वर चकचकीत रॅप (चिकटवलेली रंगीत फिल्म), आणि मालक किटचे पैसे भावात धरून बसलेला. आमचा हिशोब उलटा आहे. किटची किंमत शून्य, आणि मूळ पॅनल सोबत मिळत नसतील तर त्यांचा खर्च भावातून वजा.

गाडी म्हणून व्ही३ला नावं ठेवायला फारशी जागा नाही. २०१८ साली आलेलं १५५ सीसीचं लिक्विड कूल्ड इंजिन, ७४०० आरपीएमला व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारा व्हीव्हीए, गिअर झटकन उतरवताना मागचं चाक अडकू न देणारा स्लिपर क्लच, यामाहाची डेल्टाबॉक्स फ्रेम. बीएस४ (जुन्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत १९.३ पीएस ताकद मिळते, डिसेंबर २०१९पासूनच्या बीएस६मध्ये १८.६, रस्त्यावर हा फरक कुणाला कळत नाही. ड्युअल चॅनल एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, २०१९पासून आलं, त्यामुळे निवड असेल तर त्यानंतरचीच घ्या. व्ही२वर व्ही३चे कपडे चढवून विकण्याचाही प्रकार चालतो. आरसीवर १४९ सीसी असेल तर बोलणं तिथेच संपवा.

आता किट. बघायला जाताना ॲलन-कीचा सेट, स्टार स्क्रू-ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, मल्टिमीटर आणि उजेडासाठी बॅटरी (टॉर्च) सोबत ठेवा. दोन्ही बाजूंचे पॅनल आणि इंजिनखालचा बेली पॅन उतरवायला सरावलेल्या मेकॅनिकला अर्धा तास पुरतो. मालक "क्लिपा तुटतील", "आत्ताच फिटिंग केलंय" असं म्हणायला लागला तर समजून जा. उतरवू न देणाऱ्याची गाडी घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

पॅनल हातात आला की आधी तो उलटा करा. कंपनीच्या पॅनलच्या आत पार्ट नंबर आणि प्लास्टिकचं नाव, एबीएस किंवा पीपी, साच्यातच उमटलेलं असतं (ब्रेकच्या एबीएसशी याचा संबंध नाही). आत काचेच्या धाग्यांची जाळी दिसली, कडा हाताला टोचल्या आणि वजन जास्त लागलं, तर ते फायबर आहे. फायबर वाकत नाही, थेट तडकतं. बोल्टच्या भोकापासून चांदणीसारख्या चिरा सुटलेल्या दिसतात आणि आतून एम-सीलचे थर थापलेले असतात. भोकंही बघा. कंपनीच्या पॅनलला रबरी ग्रोमेट आणि धातूची कॉलर असते, म्हणून बोल्ट आवळला तरी पॅनलवर दाब येत नाही. किटमध्ये भोक ड्रिलने पाडलेलं, लांबुळकं झालेलं, आणि जिथे बोल्ट जुळलाच नाही तिथे केबल टाय. असा पॅनल वेगात थरथरतो, थरथरीने भोक आणखी मोठं होतं, आणि एक दिवस बेली पॅन सायलेन्सरच्या बेंड पाइपला टेकून करपतो.

खरी तपासणी त्यामागे आहे. पुढचं काउल (गाडीचं तोंड) धरून ठेवणारा स्टे हा नळीचा ब्रॅकेट चेसिसच्या हेडला, म्हणजे हँडल बसतं त्या भागाला, बोल्ट केलेला असतो. गाडी समोरून आपटली की आधी हाच वाकतो. नवं किट बसवताना तो वेल्डिंग करून "जुळवून" घेतलेला असतो, म्हणून वेल्डिंगचे डाग आणि ताजा काळा स्प्रे बॅटरीच्या उजेडात शोधा. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे न्या आणि स्टिअरिंगचा स्टॉपर बघा. त्यावर खोल खच असेल, एका बाजूला हँडल जास्त वळत असेल, किंवा हेडजवळ चेसिसचा रंग तडकलेला असेल, तर गाडी जोरात पडलेली आहे. रेडिएटर मागे दबून इंजिनकडे सरकला असेल तर तीच गोष्ट. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध अडखळलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, फूटरेस्टची टोकं आणि ब्रेक पेडल यांवरच्या ओरखड्यांना रॅप लावता येत नाही, त्यामुळे तेच खरं सांगतात.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायची वेळही हीच. फेअरिंग चढलेलं असताना इंजिन नंबर नीट दिसत नाही, आणि नेमकं याच कारणासाठी काही जण ते उतरवू देत नाहीत.

वायरिंगकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि पावसाळ्यात तेच सगळ्यात जास्त रडवतं. व्ही३चा मूळ हेडलाइट एलईडी आहे. किटच्या तोंडात प्रोजेक्टर किंवा एचआयडी असे बाहेरचे दिवे बसवताना मूळ सॉकेट कापून नुसत्या पिळलेल्या तारा काळ्या टेपने गुंडाळतात. दिव्याचा बोजा वेगळा पेलणारा रिले नाही, वेगळा फ्यूज नाही. आतलं मडगार्ड आणि आडोशाची छोटी पॅनलं किटमध्ये नसतातच, त्यामुळे पुढच्या चाकाचा चिखल थेट जोडांवर आणि रेडिएटरवर येतो. गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, आणि लाइट चालू ठेवून ४००० आरपीएमला १४च्या आसपास दिसायला हवेत. १३च्या खाली राहत असेल तर लाइटचा बोजा चार्जिंगला पेलत नाही किंवा बॅटरी चार्ज करणारा रेक्टिफायर मरायला टेकलाय. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. आरपीएम आपोआप चढले तर थ्रॉटल केबल किटमध्ये अडकून ताणली जातेय. गाडी वळणात स्वतःहून पळेल. इंजिन बंद पडलं तर वायर तुटत आलीय. बीएस६ गाडीत साइड स्टँडचा कट-ऑफ स्विच बायपास केलेला आहे का, तेही बघून घ्या.

मग सगळं परत चढवायला लावा आणि गाडी जागेवर चालू ठेवा. मूळ फेअरिंगमधल्या खाचा दिसायला नक्षी वाटतात, पण रेडिएटरमधून आलेली गरम हवा बाहेर पडायची वाट तीच. बऱ्याच किटमध्ये त्या जागी नुसतं स्टिकर असतं. फॅन लागून काही वेळाने बंद व्हायला हवा. तो चालूच राहिला आणि मांडीला झळ लागली, तर शहराच्या ट्रॅफिकमध्ये ही गाडी तापणार. कूलंट तपकिरी असेल तर साधं पाणी भरलंय. ऑइल दुधाळ चॉकलेटी असेल तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय, आणि हा खर्च छोटा नाही.

मागच्या बाजूला शेपूट आखूड करण्यासाठी सीटखालची सब-फ्रेम कापली असेल तर सोडून द्या, ते परत जुळत नाही. साडी गार्ड आणि मागच्याला धरायचं हँडल काढलेलं असेल तर ते परत लावावं लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ दोन्ही मागतो.

कागदांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० नेहमीचेच. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर ती काढायला फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी. करोल बागेतून आलेली दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर नोंदणी बदलणं आणि इथला टॅक्स भरणं आलं. रंग आरसीवर लिहिलेला असतो. निळ्या गाडीवर काळा रॅप असेल तर ट्रान्सफरच्या वेळी प्रश्न येणारच. कंपनीच्या रचनेत मनमानी बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंदी आहे आणि २०१९च्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, आणि विमा कंपनीला न कळवलेल्या किटची भरपाई मिळेल असं धरू नका.

भाव करताना अंदाज नको. यामाहाच्या पार्ट्स काउंटरवर गाडीचं वर्ष आणि रंग सांगून प्रत्येक पॅनल, हेडलाइट, स्टे आणि आतलं मडगार्ड यांचे दर लिहून घ्या. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने मूळ पॅनल मिळतात, पण रंगाची छटा क्वचितच जुळते. ती बेरीज मालकासमोर ठेवा. क्लिपा, ग्रोमेट, कॉलर यांची चिल्लरही त्यात धरा, कारण त्यांच्याशिवाय मूळ पॅनलसुद्धा किटसारखेच खडखडतात. आणि मालक म्हणाला की मूळ पॅनल घरी पोत्यात आहेत, तर टोकन देण्याआधी पोतं उघडून प्रत्येकाचे कान (बोल्ट आणि क्लिपा बसतात ती टोकं) शाबूत आहेत का ते बघा. उतरवताना सगळ्यात आधी तेच मोडतात.